हापूस तोडायला येताय? मग बारा दिवस आधी कळवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातल्या सोसायटीतली 42 माणसं, त्यात 11 मुलं आणि सत्तरीपुढची सहाजणं. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी रत्नागिरीकडच्या एखाद्या घरच्या बागेत यायचं, मुलांनी स्वतःच्या हातानं हापूस तोडायचे, तिथेच झाडाखाली बसून खायचे आणि परतताना पेट्या आणायच्या. त्यासाठी तुम्ही दोन ठिकाणी फोन केलेत. एकजण म्हणाला, माणशी अमुक द्या, हवे तेवढे तोडा, हवे तेवढे खा. दुसरा म्हणाला, तोडायला देणार नाही, फार तर दाखवीन. पहिला तुम्हाला मोकळ्या मनाचा वाटला, दुसरा खडूस. आता पहिल्याला ॲडव्हान्स पाठवू का, असं विचारताय.

जरा थांबा. दुसऱ्याला पुन्हा एकदा फोन करा.

लग्न होऊन मी या बागेत आले त्याला तीस वर्षं झाली. गेली तेरा-चौदा वर्षं हंगामात आम्ही घरी माणसं घेतो. पाटी लावून केलेला धंदा नाही हा, ओळखीतून येतात, पंधरापासून पन्नासपर्यंत. तेव्हा सांगते ते आमच्या बागेपुरतं आणि आजूबाजूच्या चार बागांपुरतं. देवगडकडे, अलिबागकडे बारीकसारीक रीत वेगळी असेल. पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच, आणि तुमची सगळी सहल तिच्यावर अडलीय: आज झाडावरून काढलेला हापूस आज खाता येत नाही.

लोकांच्या डोक्यात स्ट्रॉबेरी असते. महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन आलेली असतात, वाफ्यात वाकून लालभडक फळ खुडलं आणि तोंडात टाकलं. ते बरोबरच आहे, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे पिकत नाही, रोपावर जेवढी गोड झाली तेवढीच. हापूसचं नेमकं उलटं. तो झाडावरून काढतात तेव्हा हिरवा, टणक, दात लावलात तर आंबट ढाण असतो. मग भाताच्या पेंढ्यात आढी घालायची आणि वाट बघायची. ऊन, हवा, फळाची तयारी यांवर आठ दिवस लागतात, दहा लागतात, बारा लागतात. म्हणजे तुमची मुलं शनिवारी जो आंबा तोडतील तो खायला पुढच्या आठवड्यातला नाहीतर त्याच्याही पुढचा दिवस उजाडणार, आणि तेव्हा ती पुण्यात असणार.

मग झाडावरच का पिकू देत नाही, हे दर ट्रिपला कोणीतरी विचारतंच. पिकू दिला तर तो आमच्या हाती लागत नाही, हे पहिलं. राघू, खारी, वटवाघळं, वानरं, सगळ्यांना आमच्या आधी कळतं. दुसरं कारण साका. आंबा बाहेरून सोन्यासारखा आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर, तो साका. झाडावर जास्त राहिलेल्या फळात त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की फळ चौदा आणे तयार झालं की काढावं. सोळा आण्यांतले चौदा, म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. आणे जाऊन किती वर्षं झाली, पण बागेत अजून चौदा आणेच चालतात. बारा आण्याचं काढलं तर पिकताना सुरकुततं आणि चव पाणचट लागते. सोळा आण्याची वाट बघितली तर साका.

चौदा आणे ओळखायचे कसे? कोवळ्या आंब्याचा देठ वर असतो आणि फळाचे खांदे उतरते. तयार होत आला की खांदे भरतात, देठाच्या वर येतात, देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. काळपट हिरवा रंग निवळतो. झाडाखाली एखाददुसरा पिकून पडलेला पाड दिसायला लागला की समजायचं, झाड पाडाला लागलं. हे सगळं आमचा गडी खालून, वीस फुटांवरून, सकाळच्या तिरप्या उन्हात बघतो. मी तीस वर्षं बघतेय, मला अजून शंभरातले दहा चुकतात. तुमचा आठ वर्षांचा मुलगा किती चुकेल? आणि चुकून काढलेला आंबा परत लावता येत नाही.

म्हणून दुसरा माणूस नाही म्हणाला. त्याचं सगळं वर्ष या दोन महिन्यांत असतं.

आता तुमचा पहिला, “हवे तेवढे तोडा”वाला. तो लबाडच आहे असं मी म्हणत नाही. पण बागायतदाराला फळाची किंमत माहीत असताना तो असं म्हणतो, तेव्हा काहीतरी एक असतं. एक तर झाडावर उरलंसुरलं, बारकं, डागी फळ आहे आणि ते उतरवायची मजुरी तो तुमच्याकडून वसूल करतोय. (यात पाप नाही, फक्त तुम्हाला ते माहीत हवं.) नाहीतर ती झाडं हापूसची नाहीतच. तिसरी शक्यता शहरातल्या लोकांना सुचतच नाही: बाग कराराने दिलेली असते. कोकणात पुष्कळ बागा अशा चालतात. मालकाची जमीन, मालकाची कलमं, पण त्या वर्षीचं फळ करार घेणाऱ्याचं. मालक तुमच्याकडून पैसे घेतो, तुम्ही तोडायला लागता आणि राखणीचा माणूस काठी घेऊन पळत येतो. आमच्या शेजारच्या वाडीत हे घडलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. बायका-मुलं रडकुंडीला आलेली, मालक फोन उचलत नाही. शेवटी ती बस आमच्या अंगणात आली आणि मी सगळ्यांना पन्हं दिलं. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: “यंदाचं फळ तुमचं स्वतःचं आहे की बाग कराराने दिलीय?” खरा माणूस या प्रश्नाला रागावत नाही, उलट त्याला कळतं की समोरच्याला काहीतरी समजतंय.

आता मी काय करते ते सांगते.

माझ्याकडे ट्रिप ठरली की मी लोकांना सांगते, माणसं नक्की किती ते मला बारा दिवस आधी कळवा. लोकांना वाटतं, जेवणासाठी विचारतेय. जेवणाला मला दोन दिवस पुरतात. बारा दिवस लागतात ते आढीसाठी. तुम्ही बेचाळीसजण येणार, माणशी सहा आंबे धरले तरी 252 झाले, म्हणजे 21 डझन. तुम्ही शनिवारी झाडाखाली बसून जे खाणार ते आंबे मला त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या सोमवारपासून काढून पेंढ्यात घालावे लागतात. तेही एकदम नाही. थोडे सोमवारी, थोडे बुधवारी, थोडे शुक्रवारी, म्हणजे हवा बदलली तरी तुमच्या दिवशी काही तरी नक्की तयार असतात. सासूबाई त्याला “पुण्याची आढी” म्हणायच्या. माजघरात एका कोपऱ्यात ती वेगळी असायची आणि तिला घरातल्या कोणीही हात लावायचा नाही.

यातून ॲडव्हान्सचंही उत्तर मिळतं. घरच्या बागेवाला ॲडव्हान्स मागतो तो खुर्च्या-मांडवाचा नसतो. तुम्ही गुरुवारी फोन करून “आमचं जरा रद्द झालं हो” म्हणालात तर त्याच्याकडे एकवीस डझन आंबे एकदम पिकतात. पिकलेला आंबा वाशीच्या घाऊक बाजारात पाठवून परवडत नाही, आणि घरात माणूस किती खाणार? एका वर्षी आम्ही चार दिवस नुसता रस आटवत बसलो होतो. तेव्हा ॲडव्हान्स जरूर द्या, पण आधी विचारा: “आम्ही येऊ तेव्हा खायला आढीतले आंबे असतील ना? ते कधी घालणार?” या प्रश्नावर जो अडखळेल त्याच्याकडे पिकले आंबे बाजारातून येणार आहेत. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या फळासाठी. तरी घाटावरचा आणि कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून खपतोच. कोकणात येऊन तोच खाल्लात तर एवढा प्रवास कशाला केला?

म्हणजे मुलांनी तोडायचंच नाही का? तोडायचं. पण मोजून, आणि घळीनं.

घळ म्हणजे लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी आणि तोंडाशी पातं. कृषी विद्यापीठानं याचंच सुधारून “नूतन झेला” केलाय, पुष्कळ बागांत आता तोच दिसतो. आमच्याकडे मी तीन-चार बुटकी कलमं पाहुण्यांसाठी राखून ठेवते. छाटणी करून खाली ठेवलेली. त्यांवरची कुठली फळं काढायची ते आमचा गडी आधी बघून ठेवतो आणि मुलांच्या मागे उभा राहतो. मूल घळ उचलतं, ती डुलते, पहिल्यांदा आंब्याच्या बाजूला पानांत जाते, मग आंब्याच्या खाली येते, वर सरकते, आंबा जाळीत बसतो. आता ओढायचं नाही, देठ पात्यात येईपर्यंत थांबायचं आणि मग हलका हिसका. “टक्” असा बारीक आवाज येतो आणि बांबू एकदम जड होतो. त्या क्षणी मुलाचं तोंड बघण्यासारखं असतं. जाळी खाली आणायची तीसुद्धा अलगद, आंबा जमिनीवर आपटला तर वरून काही दिसत नाही, आठ दिवसांनी तिथे काळं पडतं. प्रत्येकाला दोन आंबे, मी दोनच देते. सुरुवातीला कुरकुर होते. पण दोन आंबे नीट काढायला मुलाला दहा मिनिटं लागतात आणि हात भरून येतात, तिसरा सहसा कोणी मागत नाही.

आंबा देठासकट हवा, बोटभर देठ राहिला पाहिजे. देठ मुळाशी तुटला तर चिकाची चिळकांडी उडते. या चिकाकडे तुम्ही गंभीरपणे बघा अशी विनंती आहे. सालीवर पडला तर डाग पडतो, आणि माणसाच्या कातडीवर पडला तर भाजल्यासारखं होतं. आमच्या दुसऱ्याच वर्षाची गोष्ट. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. तीसेक माणसं होती, मी जेवणाच्या गडबडीत, गडी पेट्या भरायला गेलेला. मोठी माणसं हौसेनं फांदी धरून हलवायला लागली. बदाबद आंबे पडले, बहुतेक कोवळे. ते लोणच्याला गेले, त्याचं फार नाही. पण सहा वर्षांच्या एका मुलीनं ताजी पडलेली कैरी उचलून देठाकडून चावली. संध्याकाळपर्यंत ओठ सुजले, दुसऱ्या दिवशी हनुवटीवर फोड. पोरगी बिचारी पुढे आठवडाभर शाळेत तोंडाला रुमाल लावून गेली, असं तिच्या आईनं मला कळवलं. तेव्हापासून माझा नियम: तोडायच्या जागी मी स्वतः किंवा आमचा गडी असल्याशिवाय कोणी झाडाला हात लावायचा नाही. हाताला आधी खोबरेल, जवळ साबण आणि पाण्याची बादली, मुलांना लांब बाह्यांचे जुने कपडे. डोळ्यात चीक गेला तर भरपूर पाण्यानं धुवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. कोणाला काजूची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. काजू आणि आंबा एकाच कुळातले, अशा माणसाला आंब्याची साल आणि चीकही त्रास देऊ शकतो. आणि काजूची ओली बी मुलांनी फोडायची नाही, तिच्या सालीतलं तेल चिकापेक्षा जालीम.

तोडलेले आंबे देठ खाली करून थोडा वेळ ठेवायचे, म्हणजे चीक निथळतो. सावलीत ठेवायचे, तापलेल्या कातळावर तर अजिबात नाही. आंबा काढल्यावरही जमिनीच्या उष्णतेनं साक्याचा धोका वाढतो. आता तुमच्या वेळापत्रकाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की शनिवारी पहाटे पाचला पुण्याहून निघू, दुपारी पोचू, जेवू, मग आंबे तोडू, संध्याकाळी बीच. आंबा घाटानं बस घेऊन याल तर आठेक तास धरा, वाटेत चहा-नाश्ता आला. म्हणजे एक-दोन वाजता तुम्ही कातळावर उभे असाल, मे महिन्यात. त्या वेळी कुठलाही शहाणा बागायतदार आंबा काढत नाही, आम्ही दहाला घळी भिंतीला लावतो. तोडणी सकाळी साडेसहा ते साडेनऊ, फार तर दहा. किंवा मग ऊन कलल्यावर थोडी. म्हणून शनिवारी नुसते या, संध्याकाळी समुद्र करा, रात्री राहा, आणि रविवारी सकाळी बागेत या. आढी सोमवारपासून मोजायची ती मग मंगळवारपासून, तेवढाच फरक. आजी-आजोबांनाही हेच सोसेल. सकाळी सात वाजता कलमांखाली सावली असते, वारा असतो. त्याच जागी अकराला घामानं अंग चिकट होतं आणि डोकं गरगरतं.

सहा आजी-आजोबांची काळजी तुम्ही करताय, पण माझा अनुभव असा की सगळ्यात जास्त रमतात तीच मंडळी. त्यांना पडवीत बसवते, समोर आढी उघडते आणि वर्गवारी करायला देते: मोठा, मध्यम, बारका, डागी. जन्मभर हिशेब करून कंटाळलेले निवृत्त बँकवाले आजोबा दोन तास मान वर करत नाहीत. एका आजींनी तर आमच्या गड्याची चूक काढली होती, आणि त्यांचं बरोबर होतं.

बेचाळीस माणसं एकदम झाडाखाली आली तर मात्र गोंधळ होतो. चौदा-चौदाचे तीन गट करा. एक गट तोडणीला, एक आढीत आणि पॅकिंगला, एक गट कातळावर करवंदांना. दीड तासात फिरून सगळ्यांचं सगळं होतं.

करवंदांचं सांगायलाच हवं, कारण तुमच्या मुलांना “तोडलं की तोंडात” हवंय ते तिथे आहे. मे महिन्यात करवंदं काळी झालेली असतात, जाळ्या अंगभर काटे घेऊन उभ्या. त्यातून हात घालून एकेक काढायचं, हाताला पांढरा चीक लागतो, तो लागू द्यावा, त्यानं काही होत नाही. कोंबडा की कोंबडी असा आमच्या लहानपणचा खेळ: करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. मुलं आंबा विसरतात. जांभळं असतात, कुठे पांढरे जाम, कुठे रातांबे लाल होऊन खाली पडलेले. त्याचीच आमसुलं होतात हे शहरातल्या मुलाला सांगितलं की विश्वास बसत नाही. आणि रायवळ. कलम न केलेला, बीपासून वाढलेला आंबा, प्रत्येक झाडाची चव निराळी. त्याच्या छोट्या बिटक्या झाडाखाली पिकून पडतात त्या धुवायच्या, टोक चावून टाकायचं आणि चोखायच्या. आमच्या विहिरीजवळच्या रायवळाखाली मी मुलांना मोकळं सोडते, तिथे मोजदाद नाही. झाडावरून थेट खायची तुमची हौस रायवळच भागवेल, हापूस नाही. बाग ठरवताना “रायवळ आहे का, करवंदाच्या जाळ्या जवळ आहेत का” असं विचारा. माझ्या मते हा प्रश्न हापूसच्या दरापेक्षा महत्त्वाचा.

जाळ्यांत जाताना पायात बूट हवेत, चपला नकोत. कातळावर, दगडांच्या गडग्यांत आणि पातेऱ्याखाली, म्हणजे वाळल्या पानांखाली, फुरसं असतं, विषारी साप तो. घाबरवण्यासाठी सांगत नाही. इतक्या वर्षांत आमच्याकडे आलेल्या कोणाला काही झालं नाही, पण मुलांनी दगड उलटायचे नाहीत, पातेऱ्यात हात घालायचा नाही, एवढं बजावून ठेवा. सर्पदंशावरचं औषध असलेलं सरकारी रुग्णालय किती लांब आहे ते मालकाला विचारा. फांद्यांवर पानं शिवून केलेली घरटी दिसतील ती हुमल्यांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची. त्याखाली उभं राहून फोटो काढू नका. झाडावर पाहुण्यांपैकी कोणीही चढायचं नाही, हे मी गाडीतून उतरल्या उतरल्या सांगते. आंब्याची फांदी कधी दगा देईल ते गड्यांनाही सांगता येत नाही.

आणखी एक विचारा, शेवटची फवारणी कधी झाली. हापूस मोहोरापासून फळापर्यंत तुडतुडे, भुरी, फळमाशी यांच्याशी झगडतो आणि बहुतेक बागांत औषध मारावंच लागतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. औषध मारल्यावर किती दिवस फळ काढायचं नाही हे ठरलेलं असतं आणि चांगला बागायतदार तारीख चटकन सांगतो. तरीही झाडावरचं काहीही धुतल्याशिवाय मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

तारखेचं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, हे सगळं त्या वर्षीच्या मोहोरावर आहे. थंडी वेळेवर पडली तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात बागा भरलेल्या असतात. मोहोर लवकर आला असेल तर तेव्हा उतरती कळा. मेच्या उत्तरार्धात वळवाचा पाऊस झाला की फळमाशी वाढते, आंब्यात अळ्या सापडायला लागतात आणि घाईघाईनं बाग उतरवावी लागते. त्यामुळे दोन शनिवार-रविवार हाताशी धरा, एप्रिलच्या मध्याला मालकाला फोन करा आणि तो म्हणेल तो घ्या. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा त्याला त्याची झाडं जास्त कळतात.

पैशांचं थोडक्यात. माणशी एक रक्कम ठरवा ती जेवण, नाश्ता, आढीतले खायचे आंबे आणि माणसं सोबत देण्याची. घरी न्यायचा आंबा वेगळा, डझनावर, त्या दिवशीच्या दरानं. दोन्ही एकत्र केलं की कोणीतरी दुखावतं. बागेचं रजिस्ट्रेशन आहे का असं काहीजण विचारतात. 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं आणि अशी केंद्रं पर्यटन संचालनालयाकडे नोंदवता येतात. असेल तर चांगलंच, पण वर्षात चार ट्रिपा घेणाऱ्या घराकडे नसेल तर तेवढ्यावरून त्याला बाद करू नका. बायकांसाठी संडास-बाथरूम किती आहेत हे मात्र जरूर विचारा. बेचाळीस माणसांना एक पुरत नाही, आणि याबद्दल आमच्याकडचे पुरुष फोनवर नेहमी “होऽऽ, आहे ना सोय” एवढंच म्हणतात. पन्नास सीटची बस वाडीपर्यंत येते का, तेही. आमच्याकडे येत नाही, शेवटचा दीड किलोमीटर टेम्पो लागतो.

आता घरी न्यायच्या पेट्या. अर्धा हिरवा आणि अर्धा पिकायला लागलेला असा घ्या. पूर्ण पिकलेला बसच्या डिकीत शिजतो. बसचं पोट दुपारी भट्टी होतं, म्हणून पेट्या शक्यतो वर, पायाशी. घरी गेल्यावर हिरवे आंबे फ्रिजमध्ये घालू नका. बारा-तेरा अंशांच्या खाली कच्चा हापूस बिघडतो, मग तो पिकतच नाही नीट. पेंढा मी पेटीत देतेच, तोच जमिनीवर पसरा, त्यावर आंबे एकमेकांना न चिकटता, वर पुन्हा पेंढा किंवा जुनी वर्तमानपत्रं. प्लॅस्टिकची पिशवी नको. दर दोन दिवसांनी बघायचं. रंगावर जाऊ नका. देठाजवळ नाक न्या, वास सुटला आणि अंगठ्याला किंचित मऊ लागला की काढा. सासूबाई अंगठाही लावायच्या नाहीत, खोलीचं दार उघडलं की वासावरून सांगायच्या, “डावीकडचे चार झाले.”

मुलांनी स्वतः तोडलेले दोन आंबे मात्र मोठ्यांच्या पेटीत मिसळू देत नाही मी. प्रत्येकाला एक छोटा पुठ्ठ्याचा खोका देते, वर त्यानं नाव आणि तोडल्याची तारीख लिहायची, आत पेंढा. गेल्या हंगामात नवव्या दिवशी रात्री फोन आला. आईच्या मोबाइलवरून एक बारीक आवाज, “काकू, ताईचा एक झाला, माझे दोन्ही अजून हिरवेच आहेत, मी चुकीचे तोडले का?” मी विचारलं, खोका कुठे ठेवलायस? एसीच्या खोलीत, म्हणाला. म्हटलं, स्वयंपाकघरात आण, ओट्याखाली ठेव, आणि रोज सकाळी फक्त एकदाच उघडून बघायचं. तेराव्या दिवशी त्याचा फोटो आला, कोपरापर्यंत रस ओघळलेला. दुसरा आंबा मांडीवर जपून ठेवलेला, तो उद्यासाठी म्हणे.